रिमोटचा पंखा मध्येच बंद पडतो? पंखा उतरवण्याआधी भिंतीतला रेग्युलेटर बघा

डोंबिवलीतल्या आमच्या घरी सासूबाईंच्या खोलीत रिमोटचा पंखा लागला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. गुडघ्यांमुळे रात्री उठून बोर्डापर्यंत जाणं त्यांना जड जायचं, म्हणून हौसेने आणला. मे संपेपर्यंत त्याचं सर्किट दोनदा बदलून झालं होतं. तक्रार दर वेळी तीच. चांगला फिरत असतो, मध्येच थांबतो, खालचा बारीक दिवा लुकलुकतो, पुन्हा फिरायला लागतो, पुन्हा थांबतो. कंपनीचा माणूस यायचा, पंखा उतरवून नवं सर्किट टाकायचा, पंखा भिरभिरायला लागला की सही घेऊन जायचा. पाच-सहा दिवस सगळं ठीक. मग शनिवारी रात्री सासूबाईंची हाक, "अगं, तुझा पंखा झोपला बघ."

शनिवारच का, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या वेळी कंपनीला फोन न करता पलीकडच्या इमारतीतल्या वायरमन काकांना बोलावलं. आता निवृत्त आहेत, पण ओळखीच्या घरी येतात. त्यांनी वर पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला काढता काढता विचारलं, "वहिनी, रेग्युलेटर कुठाय?"

मी म्हटलं, "काका, रिमोटचा पंखा आहे. त्याला रेग्युलेटर लागत नाही."

"लागत नाही ना? मग भिंतीत काय करतोय?"

पडद्यामागच्या बोर्डावर जुना रेग्युलेटर होता तसाच होता. पंखा बसवणाऱ्या मुलाने तो फक्त पाचवर फिरवून ठेवला होता. दर शनिवारी मी ओल्या फडक्याने बोर्ड पुसायचे आणि त्याची कळ चारवर, कधी तीनवर सरकायची. सर्किट बदलायला आलेला माणूस चालू-बंद करून बघताना ती सवयीने पुन्हा पाचवर न्यायचा. म्हणजे दोन सर्किटं बदलली गेली ती माझ्या फडक्यामुळे.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की त्यानंतर आमच्याच सोसायटीत आणि नात्यात मिळून सहा-सात घरांतून हीच तक्रार ऐकली. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून दुकानात गेलं की पाच स्टारचा, म्हणजे बहुधा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, डीसी विजेवर चालणाऱ्या) मोटरचा, रिमोटवाला पंखा पुढे केला जातो. पंखा चांगलाच असतो. जुना १२०० मिमीचा पंखा ७०-८० वॉट खायचा, हा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला साधारण सोळा युनिटं वाचतात. पण पंखा नवा आणि त्याच्यामागची वायरिंग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, हे कोणी बघत नाही. बिघाड पंख्यात दिसतो म्हणून पंखाच उतरवला जातो.

आधी एक साधी शंका फेडून घ्या

पंखा आपोआप बंद होतो असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, रोज ठरावीक वेळाने होतो की कधीही? झोपताना लावला आणि बरोबर दोन किंवा चार तासांनी बंद झाला, तर तो बिघाड नाही, टायमर आहे. रिमोटवर टायमरचं बटण असतं आणि अंधारात चाचपडताना तेच दाबलं जातं. काही पंख्यांत झोपेचं बटण असतं, ते दाबलं की दर तासाला वेग एकेक पायरी उतरतो. सासूबाईंच्या बहिणीकडे महिनाभर "पंख्यात जोर नाही" अशी तक्रार होती, ती यातली निघाली. 'पंखा फिरतो पण वारा लागत नाही' असं असेल तर उलट फिरवण्याचं बटण दाबलं गेलंय का तेही बघा. काही रिमोटवर ते असतं, आणि मग वारा छताकडे जातो.

बंद होण्याला काही ताळमेळच नसेल, किंवा वेग वाढवला की बंद पडतो आणि एक-दोनवर मुकाट्याने चालतो असं असेल, तर भिंतीकडे वळा.

रेग्युलेटर नक्की काय करतो

साध्या पंख्यात रेग्युलेटर मोटरला मिळणारी वीज कमी करतो आणि मोटर मंदावते. तिथे तो योग्यच आहे. बीएलडीसी पंख्यात मोटर थेट २३० व्होल्टवर चालतच नाही. आतलं सर्किट आधी एसी विजेची डीसी करतं आणि मग मोटरच्या वेटोळ्यांना पाळीपाळीने वीज देत तिला फिरवतं. वेग ठरतो तो त्या सर्किटात, रिमोटच्या सांगण्यावरून. मध्ये रेग्युलेटर बसला की तो वेग कमी करत नाही, सर्किटाची उपासमार करतो. कमी वेगाला थोडी वीज लागते, ती कशीबशी मिळते. पाच नंबर दाबला की मागणी वाढते, व्होल्टेज कोसळतं, सर्किट बंद होतं. भार गेला की व्होल्टेज सावरतं, सर्किट पुन्हा जागं होतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे हे झोपणं आणि उठणं.

घराघरांत तीन प्रकारचे रेग्युलेटर दिसतात. सर्वांत जुना म्हणजे काळा चौकोनी डबा, टकटक आवाज करत फिरणारा, हात लावला की गरम. आत रेझिस्टन्सची तार असते. दुसरा हळूहळू सरकत फिरणारा, पायऱ्या नसलेला, त्याला डिमर म्हणतात. आणि तिसरा हल्लीच्या मॉड्युलर बोर्डातला, एक ते पाच पायऱ्यांचा, आत कपॅसिटर असलेला. या तिसऱ्यात शेवटच्या पायरीवर कपॅसिटर मधून निघून जातो आणि वीज सरळ पुढे जाते. आमचा पंखा पाचवर नीट चालायचा तो म्हणूनच. बसवणारे याच भरवशावर "पाचवर ठेवा, हात लावू नका" असं सांगून जातात. हात न लावता घर चालतं का?

यात डिमर सगळ्यांत त्रासदायक. तो विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो, आणि पंख्याचं सर्किट नेमकं लाटेच्या माथ्यावर झटक्याने वीज ओढतं. शिवाय डिमरला नीट चालायला थोडा तरी भार लागतो. तीस वॉटचा पंखा त्याला पुरत नाही. त्यामुळे डिमर पूर्ण उजवीकडे फिरवलेला असला तरी भरवसा नाही. यातून सर्किट खरोखरच जळू शकतं. रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही बाजारात आहेत, पण खोक्यावर किंवा माहितीपत्रकात तसं स्पष्ट छापलेलं नसेल तर तुमचा तसला नाही असंच धरा.

घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा अशी. पायऱ्यांचा रेग्युलेटर असेल तर तो शेवटच्या पायरीवर न्या, वरून चिकटपट्टी लावा आणि चार रात्री जाऊ द्या. तक्रार थांबली तर दोषी सापडला. पण चिकटपट्टी हा उपाय नव्हे.

उपाय म्हणजे रेग्युलेटर मधून काढणे. बोर्डामागे रेग्युलेटरला दोनच तारा येतात, एक बटणाकडून आलेली आणि एक छताकडे गेलेली. त्या दोन्ही रेग्युलेटरमधून सोडवून एकमेकींना कनेक्टरने जोडायच्या, किंवा छताकडची तार लांबीला पुरत असेल तर ती सरळ बटणाच्या निघत्या स्क्रूवर न्यायची. दुसरं जास्त चांगलं, कारण बोर्डात एक सांधा कमी. रिकाम्या जागी कोरी पट्टी बसवायची. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा मात्र करू देऊ नका. वायरमनला सांगायचं वाक्य एवढंच: "रेग्युलेटर बायपास करा आणि कनेक्टर लावा." काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. पंखा बसवण्याच्या दिवशीच करून घेतलं तर त्याचे वेगळे पैसेही कोणी मागत नाही.

मेन बंद केला, तरी तार जिवंत

आता सुरक्षिततेचं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण काकांनी त्या दिवशी मला यावरूनच झापलं.

बोर्ड उघडायच्या आधी मी मोठ्या शहाणपणाने मेन एमसीबी पाडला. खोली अंधारायला हवी होती. ट्यूबलाइट क्षणभर मिचकली आणि पुन्हा लागली. अर्थात, इन्व्हर्टर. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे पंख्यांची आणि दिव्यांची लाइन बहुधा त्यावरच असते. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानेइतबारे त्याच तारेत २३० व्होल्ट सोडतो. उलट, नुसता इन्व्हर्टर बंद केला आणि मेन चालू ठेवला, तर मेनची वीज त्याच्यातून सरळ पुढे जाते. दोन्ही बंद करायला हवेत. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणावर बंद, मग मेन खाली, मग पंख्याचं आणि दिव्याचं बटण दाबून काहीही लागत नाही याची खात्री, आणि त्यावर टेस्टर.

टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटात लावून बघा, म्हणजे तो पेटतो हे कळतं. मग मेन पाडून ज्या तारेला हात लावायचा तिथे. बिघडलेला टेस्टर सगळ्याच तारा मेलेल्या दाखवतो. काकांच्या वेळी पांढऱ्या चिनीमातीचे कटआउट, म्हणजे काढता-घालता येणारे फ्यूज असायचे. ते म्हणतात, "आम्ही कटआउट काढून खिशात घालायचो. खाली कोणी वेंधळा आला तरी चालू काय करणार?" एमसीबी खिशात घालता येत नाही. म्हणून मेनपाशी घरातलं एक माणूस उभं करायचं, किंवा निदान चिकटपट्टीवर 'काम चालू आहे' असं लिहून लावायचं. आमच्याकडे सासूबाई खुर्ची टाकून बसल्या. मेन चालू करायची परवानगी मागायला आलेल्या नातवाला त्यांनी ज्या आवाजात परतवलं, त्यापुढे चिकटपट्टी काय टिकणार.

दुसरी भानगड जुन्या इमारतींत हमखास सापडते. बटण फेजवर, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेवर असायला हवं, ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर घातलेलं असतं. दिवा लागतो, बंद होतो, पंखा फिरतो, थांबतो, वर्षानुवर्षं कळत नाही. पण बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत फेज पोचलेलीच असते. साध्या पंख्यात ते लपून जातं. बीएलडीसी पंख्यात मात्र बटण बंद केल्यावर त्याचा दिवा मधूनच चमकतो, किंवा आत टिकटिक ऐकू येते, आणि मग "पंख्यात भूत आहे" असे फोन येतात. अंधारात चमकणारं बटण असेल, म्हणजे ज्यात बारीक निऑन बसवलेला असतो, तरी असं होतं, कारण त्या निऑनमधून किंचित वीज झिरपत राहते. बटण बदलून बघणं सोपं. न्यूट्रलवरचं बटण फेजवर आणणं हे मात्र वायरमनचंच काम, आणि तेही परवाना असलेल्याच्या हातून. तारांच्या रंगांवर जाऊ नका. जुन्या पद्धतीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. नव्या पंख्याच्या तारा तपकिरी, निळ्या आणि हिरव्या-पिवळ्या असू शकतात. आणि तुमच्या भिंतीत तीस वर्षांपूर्वी त्या दिवशी जे बंडल हाताशी होतं त्याचा रंग असू शकतो.

अर्थिंगचं एक. पंख्याला अर्थिंगचा स्क्रू किंवा तार असते आणि जुन्या घरांच्या छतात दोनच तारा आलेल्या असतात. मग बसवणारा ती हिरवी तार गुंडाळून पंख्याच्या छतालगतच्या वाटीत कोंबतो. ती न्यूट्रलला जोडणं हा उपाय नव्हे, असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या. जमत असेल तर तिसरी तार ओढून घ्या. आणि मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवायला पंख्याचं निमित्त चांगलं आहे. त्याची किंमत एका पंख्याहून फार जास्त नसते.

हूक, दांडा आणि नऊ फुटांचं छत

पंख्याचं वजन साधारण चार किलो. पण फिरताना हुकावर येणारे हिसके वेगळेच. स्लॅबमधला हूक निदान १२ मिमी सळीचा असावा. जुना पंखा उतरवला की शिडीवर चढून बोटाने हुकाच्या आतल्या बाजूला चाचपा. वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पडलेली असते. नखभर असेल तर ठीक, सळी अर्ध्यावर आली असेल तर त्यावर काहीही टांगू नका. कोकणातल्या किंवा समुद्राजवळच्या घरात गंजाचे पापुद्रे सुटतात, ते खरवडून आत किती लोखंड शिल्लक आहे ते बघा. आम्ही हुकाला दोर बांधून वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार जमिनीपासून वीतभर उंच, तासभर टांगून ठेवला. पडला असता तरी वीतभरच पडला असता.

पीओपीच्या खोट्या छताला पंखा कधीही टांगायचा नाही. हूक वरच्या स्लॅबचाच हवा आणि दांडा तेवढा लांब. जुन्या वाड्यात किंवा कौलारू घरात तुळईला क्लॅम्प लावून टांगतात. तिथे लाकूड आतून पोकळ झालंय का ते ठोकून बघायला सुतारच बोलवावा, वायरमन नव्हे.

उंचीचं गणित सोपं आहे आणि तरी चुकतं. पाती जमिनीपासून निदान २.४ मीटर वर हवीत, म्हणजे आठ फूट, आणि छतापासून निदान ३०० मिमी खाली, म्हणजे एक फूट, नाहीतर वर हवाच खेचली जात नाही. छत नऊ फूट असलं की आठ आणि एक, झालं, हिशोब बरोब्बर संपला. खोक्यातल्या दांड्याने पाती खाली येत असतील तर छोटा दांडा मागून घ्या, घरी करवतीने कापू नका. कापलेल्या दांड्याला नवं भोक पाडावं लागतं आणि ते भोक बरोबर मध्यावर पडत नाही. दुमजली पलंग, माळा, कपाटाचं उघडणारं दार हे सगळं पाती कागदावर काढून नाही, तर पातं हातात धरून फिरवून बघा.

दांडा अडकवताना रबरी बुश, बोल्ट, नट आणि शेवटी कॉटर पिन. ती पिन घालून तिची दोन्ही टोकं फाकवायची असतात. नुसती सरळ घातलेली पिन म्हणजे न घातलेली पिन. खोक्यात सुरक्षेची स्टीलची तार आली असेल तर ती पिशवीत परत ठेवू नका, हुकातून घेऊन घट्ट करा. सगळे नट बोल्ट नवीन पंख्याच्या पिशवीतले वापरा. जुन्याचे "अजून चांगले आहेत" म्हणून लावण्याची आपल्याकडे फार आवड.

पंखा डुलत असेल तर सगळ्यांत आधी पाती. ती जोडीने तोलून खोक्यात घातलेली असतात. हॉलच्या पंख्याचं एक आणि बेडरूमच्या पंख्याची दोन अशी सरमिसळ झाली की पंखा डुलणारच. टेप घेऊन छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर एकाच जागी मोजा. पंखा हाताने फिरवायचा, टेप हलवायचा नाही. एखादं पातं वेगळं आलं तर त्याचे स्क्रू सारखे आवळलेत का बघा. पातं हाताने वाकवून "सरळ" करू नका. पातं एका हाताने धरून पंखा उचलल्यामुळेच ते वाकलेलं असतं, बहुतेक वेळा.

रिमोट

निम्म्या तक्रारी रिमोटच्या, आणि त्यातल्या निम्म्या सेलच्या. बारीक पेन्सिल सेल दोन्ही एकदम बदला.

मग रिमोट कोणत्या जातीचा ते बघा. एक जात टीव्हीच्या रिमोटसारखी, इन्फ्रारेड. तिला पंख्याचा डोळा समोर दिसावा लागतो. तपासायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावा आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसत नाही, त्यात गाळणी असते. रात्री चालतो आणि दुपारी चालत नाही अशी तक्रार असेल तर पंख्याच्या डोळ्यावर खिडकीतून थेट ऊन येतंय का ते पाहा. दुसरी जात रेडिओची. ती पांघरुणातूनही चालते. साध्या पंख्याला वेगळं रिमोटचं किट बसवतात, त्याचा रिसीव्हर वरच्या वाटीत असतो. इन्फ्रारेड किट असेल आणि वाटी पीओपीच्या वर गेली असेल, तर कितीही नवे सेल घाला, काही उपयोग नाही. आणि या किटलासुद्धा भिंतीतला रेग्युलेटर चालत नाही.

हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन पंखे असले की एक रिमोट दोघांनाही हुकूम सोडतो. रेडिओच्या रिमोटची जोडी जुळवता येते. पंख्याचं बटण चालू केल्यावर काही सेकंदांत रिमोटचं ठरावीक बटण दाबून धरायचं असतं, कोणतं ते माहितीपत्रकात असतं. ते करताना घरातले बाकीचे सगळे पंखे भिंतीवरच्या बटणावर बंद करा, नाहीतर हॉलचा रिमोट बेडरूमशी लग्न लावून मोकळा होतो.

आणखी एक, जे खरं तर पहिलंच सांगायला हवं होतं. रिमोटने बंद केलेला पंखा बंद नसतो. त्याच्या सर्किटात वीज असते आणि तो कोणाच्याही बोटाच्या एका दाबावर सुरू होतो. पाती पुसायला शिडीवर चढताना भिंतीवरचं बटण बंद करा आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवा. घरात चार वर्षांचं मूल असेल तर यातलं एकही विसरू नका.

वळवाच्या पावसानंतर मेलेला पंखा

रेग्युलेटर काढला, तारा ठीक, सेल नवे, आणि तरीही पंखा गप्प. मग शेवटी विचारायचं ते हे: परवा वीज चमकत होती का? किंवा इमारतीत काही घरांचे दिवे एकदम प्रखर आणि काहींचे मंद झाले होते का? दुसरं झालं असेल तर कुठेतरी न्यूट्रल सुटली होती. तीन फेजच्या लाइनमध्ये न्यूट्रल तुटली की एकेका घरात २३० ऐवजी तीनशे, अगदी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. जुना पंखा त्यात थोडा जोरात फिरून गरम व्हायचा आणि बहुधा वाचायचा. नव्या पंख्याचं सर्किट वाचत नाही. इथे सर्किट बदलणं हाच इलाज, पण न्यूट्रलचा सांधा घट्ट झाल्याशिवाय नवं घालू नका. इमारतीच्या मीटर पॅनेलमध्ये असेल तर सोसायटीचा वायरमन, त्याच्या बाहेर असेल तर महावितरणकडे तक्रार. पंख्यांचं नुकसान दोनदा झालं असेल तर मेनमध्ये जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण आणि सर्ज, म्हणजे विजेचा अचानक येणारा लोंढा, रोखणारं उपकरण बसवून घ्या. मे महिन्यात ढग गडगडायला लागले की भिंतीवरचं बटण बंद करणं, हा फुकटचा उपाय. रिमोटने बंद करून भागत नाही, ते वर आलंच.

यात एक जुना सल्ला हमखास कानावर येतो: "कंडेन्सर गेला असेल, बदलून टाका." साध्या पंख्यात तो अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि पंखा मंद झाला की खरंच तोच गेलेला असतो. बीएलडीसी पंख्यात तो नसतोच. कोणी तो शोधायला पंखा उघडू लागला, तर त्याने या जातीचा पंखा आधी उघडलेला नाही एवढं समजा आणि वॉरंटीचं सील तुटायच्या आत थांबवा.

आमच्याकडे काकांनी जाताना बोर्डाच्या कोऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला कागदी टेप लावून पेनाने लिहिलं: 'रेग्युलेटर बायपास, वर रिमोटचा पंखा', खाली तारीख. पुढे कोणी साधा पंखा आणून लावला आणि वेग कमी का होत नाही म्हणून डोकं खाजवत बोर्ड उघडला, तर त्याला कळावं म्हणून. मी रिमोटची टांगणी पलंगाच्या उशाशी दोन स्क्रूंनी बसवली. सासूबाईंनी ती दोन दिवस वापरली. आता रिमोट त्यांच्या उशीखाली असतो आणि टांगणीत जपमाळ.